चॅसी नवी

लियाँमध्ये नोकरीला होतो तेव्हा एका सहकाऱ्याच्या दिवंगत आजोबांच्या शेतावरच्या कोठारात दोन गाड्या पाहिल्या. रेनो ४सीव्ही आणि सित्रोएन २सीव्ही. दुरुस्त करून विकणं एकीचंच परवडणार होतं, आणि कुठली ते ठरवायला त्याने मला नेलं होतं. मी सॉफ्टवेअरवाला, पण इंजिनिअर म्हटलं की लोकांचा असा गैरसमज होतोच.

४सीव्ही १९४६च्या पॅरिस प्रदर्शनात आली. इंजिन मागे, चार सिलिंडरचं. दहा लाखांवर बनलेली ही पहिली फ्रेंच गाडी, आणि आकार चिमुकला असला तरी रुबाब पुऱ्या मोटारीचा. १९४८ साली २सीव्ही आली तेव्हा मात्र लोक हसले. ३७५ सीसी, ९ अश्वशक्ती, वर कापडी छप्पर. सित्रोएनच्या प्येर बुलांजे यांनी तीसच्या दशकात घातलेली अट अशी सांगतात: लाकडी बूट घातलेले दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे ताशी ६० किलोमीटरने जावेत, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत. माझ्या नोकरीत इतकी स्पष्ट रिक्वायरमेंट मी अजून पाहिलेली नाही.

निवड शेवटी गंजाने केली. ४सीव्हीत अंग हाच सांगाडा. तो कुजला की ठिगळं जोडत बसायचं. २सीव्हीचं अंग सपाट चॅसीवर बोल्टने बसवलेलं असतं, आणि गॅल्व्हनाइज केलेली नवी चॅसी विकत मिळते. आम्ही ती आणली. मग मडगार्ड बदलले, छप्पर बदललं, सीटचं कापडही.

जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं. सहकाऱ्याला त्यात ‘मूळ’ हा शब्द हवा होता. त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. आजोबांनीही आयुष्यभर सुटे भाग बदललेच, तेव्हा गाडी बदलली असं कोणी म्हणालं नाही. आमच्या प्रॉडक्टमधली पहिल्या वर्षीची एक ओळही आज शिल्लक नसेल, तरी ग्राहकाला ते तेच वाटतं. पण आजोबांना गाडीकडून काम हवं होतं; चाक फिरलं की बास. संग्राहक पैसे मोजतो ते नेमके त्या गेलेल्या वर्षांचे, आणि त्यांतला बराच भाग आम्ही भंगारात घातला होता. विकत घेणाऱ्याला हे कळायला नको का?

मी ‘चॅसी नवी’ असं लिहिलं. किंमत खाली आली. सहकारी दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि त्याला पैशांची खरंच गरज होती हे मला माहीत होतं.

गाडी न्यायला माणूस आला तेव्हा आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी २सीव्हीकडे पाहिलं, छान झालीय म्हणाल्या, आणि कोठारात जाऊन ४सीव्हीच्या मागच्या सीटवरून कोंबड्या हाकलू लागल्या.