झडतीचे दार



टाळ जवळ असले की रेल्वे स्टेशनच्या दारातली ती चौकट हमखास ओरडते. तुम्हालाही हा अनुभव असेल. यंत्राला धातू तेवढा कळतो, तो कशासाठी बाळगला आहे ते त्याला कळत नाही. दोन वर्षांपूर्वी आषाढी करून परतताना आम्ही आठ जण एका मोठ्या स्थानकावर गाडी बदलायला उतरलो. बाहेर चहा घेतला आणि पुन्हा आत शिरताना माझ्यापाशी चौकट वाजली. शिपायाने पिशवी उघडली, टाळ पाहिले, माझ्या कपाळावरचा बुक्का पाहिला आणि हसून हात जोडले. "जा माउली." मी पुढे गेलो.

माझ्यामागून आमच्या दिंडीतला एक तरुण येत होता. पारधी समाजातला. तीन वर्षे आमच्याबरोबर चालणारा, गळ्यात माळ, खांद्यावर एक गाठोडे. त्याच्यापाशी चौकट वाजलीच नाही. तरी त्याला नाव विचारले. मग आडनाव. मग गाव. आडनाव ऐकल्यावर त्याला बाजूला घेतले. गाठोडे फरशीवर मोकळे झाले, मोबाईल हातातून घेतला गेला, कोणाकोणाला फोन केलेस हे विचारले गेले. पाऊण तास. आमची गाडी गेली. काहीच सापडले नाही, सापडण्यासारखे काही नव्हतेच. "जा" म्हणाले. त्याला "माउली" कोणी म्हटले नाही.

आणि मी काय केले? मी पलीकडे उभा राहून घड्याळ पाहत होतो. आपण बोललो तर आणखी उशीर होईल, असे मनाशी म्हणत होतो. हा लेख त्या पाऊण तासापोटी लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आता तुम्ही म्हणाल, अहो, तपासणी नको का? हवी. जो नाही म्हणेल त्याने २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवावी. मुंबईत १६६ माणसे गेली, त्यांतली कितीतरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेली, आपल्यासारखी बोचकी घेऊन निघालेली. आणि त्या रात्री एक मारेकरी जिवंत हाती लागला तो कुठे? गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी नुसत्या काठीनिशी जाऊन बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. तिथे ती नाकाबंदी नसती तर? म्हणून रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला मी कधी वाईट म्हणणार नाही. वारीच्या वाटेवर उन्हापावसात पंधरा-पंधरा तास उभा राहणारा तोच असतो.

प्रश्न दुसराच आहे. दार एकदा बसले की ते हलत नाही, उलट त्याला पिल्ले होतात. डिसेंबर १९९९ मध्ये आपले विमान कंदाहारला पळवून नेले, त्यानंतर विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. सुरुवात २००० साली जयपूरला झाली. ते योग्यच होते. पुढे २००७ मध्ये दिल्लीच्या मेट्रोला तीच झडती आली. २००८ नंतर स्टेशन, मॉल, सिनेमागृह, इस्पितळ, देऊळ. डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीच्या विमानतळांवर चेहरा हाच पास झाला, नंतर पुण्यालाही ती सोय आली. ती ऐच्छिक आहे, रांग वाचते, लोकांना आवडते. पण आधी पिशवी तपासत होते, आता चेहरा वाचतात. पिशवी घरी ठेवून येता येते. चेहरा कुठे ठेवणार?

आपण वारकरी या सगळ्याला सरावलो आहोत. पाकीट काढा, पट्टा काढा, हात वर करा. सवय झाली की माणूस विचारायचे सोडतो. पण आपल्या पंथाला तरी दाराचा विसर पडू नये, कारण आपला सगळा इतिहास एका दाराशी उभा आहे.

महाद्वारात नामदेव पायरीवर डोके टेकवण्याआधी तुम्ही समोर चोखोबांच्या समाधीपाशी थांबता ना? ती समाधी आत का नाही, दाराबाहेर का आहे? कारण त्या दारात एक तपासणी चालत असे. चौकट नव्हती, यंत्र नव्हते, पण प्रश्न तोच होता: तू कोण? उत्तरावर ठरायचे, आत की बाहेर. चोखोबांजवळ लपवलेले काही नव्हते. त्यांच्या जन्मालाच ते दार वाजत होते. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून दारासमोर ठेवल्या. त्यानंतर सहाशे वर्षे ती झडती चालूच राहिली. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा कुठे ते दार सर्वांना उघडले. उघडू नये म्हणणाऱ्यांत माळकरीही होते, हे आपण सोयीने विसरतो.

तुम्ही म्हणाल, ती अस्पृश्यता होती, ही सुरक्षा आहे. दोन्हींची गल्लत करू नका. करत नाही. पण पंढरपुरापासून सत्तर किलोमीटरवर सोलापुरात एक भाग आहे, लोक आजही त्याला सेटलमेंट म्हणतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे मुंबई इलाख्यालाही तो कायदा लागू झाला आणि तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली गेली. रोज हजेरी, बाहेर जायचे तर पास, पास नसला तर शिक्षा. तेव्हाही शब्द हाच होता: सुरक्षा. बाकीच्या रयतेची सुरक्षा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. तारा निघाल्या. पण त्या स्टेशनवर माझ्या सोबत्याला आडनाव विचारले गेले तेव्हा ती तार मला स्पष्ट दिसली. दार सर्वांसाठी एकच होते. मी वाजलो आणि सुटलो. तो न वाजता अडकला.

इथे कायदा काय म्हणतो तेही पाहू, कारण आपला नागरिक म्हणूनही काही धर्म आहे. उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाचा एक माणूस होता. दरोड्याच्या प्रकरणात त्याच्यावर संशय आला, पुरावा नाही म्हणून सुटला. तरी पोलिसांनी त्याचे खाते उघडले. मध्यरात्री शिपाई दार ठोठावीत, आहेस ना रे घरात, म्हणून बघून जात. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीचे ते दार ठोठावणे बेकायदा ठरवले, पण बाकीची पाळत राहू दिली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे मानायला आणखी पंचावन्न वर्षे जावी लागली. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ते सांगितले. त्याचा सरळ अर्थ असा, की सरकारला माणसाच्या अंगाला, घराला, खासगी गोष्टीला हात लावायचा असेल तर त्यामागे कायदा हवा, खरे कारण हवे आणि हात कारणापुरताच हवा. स्टेशनच्या फरशीवर गाठोडे मोकळे करताना कारण काय होते? आडनाव हे कारण होऊ शकत नाही.

मग उपाय? मी कायदेपंडित नाही. पण आपल्या वारीत एक गोष्ट आहे, तिच्याकडे मी नेहमी कौतुकाने पाहतो. संध्याकाळी तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. चोपदार हातातला दंड उंचावतात आणि एवढ्या मोठ्या समुदायाचे टाळ-मृदंग एका क्षणात थांबतात. अशी शिस्त मी कोणत्याही छावणीत पाहिली नाही. पण त्या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ वाजत राहतात. तिला कोणी दटावत नाही. सगळ्यांना कळते, या दिंडीचे काही गाऱ्हाणे आहे. चोपदार स्वतः चालत तिच्याकडे जातात. गाऱ्हाणे ऐकले जाते, मग आरती होते. हैबतबाबांनी घालून दिलेल्या या सोहळ्यात दंडाचा अधिकार आहे आणि त्या दंडापुढे टाळ वाजवत राहण्याचाही अधिकार आहे. दुसरा आहे म्हणून पहिला कोणाला जाचत नाही.

स्टेशनच्या दारात दंड आहे. टाळ कुठे वाजवायचा ते कुठेही लिहिलेले नाही. ज्याला पाऊण तास थांबवले त्याला का थांबवले याची नोंद नाही, थांबवणाऱ्याचे नाव कागदावर नाही, चेहऱ्याचे चित्र घेतले तर ते किती दिवस ठेवणार हे विचारायला खिडकी नाही. माझे भांडण झडतीशी नाही, या मुकेपणाशी आहे.

आणि आपल्याशीही आहे. वाटेत अनोळखी माणूस भेटला तरी आपण वाकतो, तोही वाकतो, कोण कुठला हे कोणी विचारत नाही. तीन आठवडे हे चालते. मग बुक्का पुसला जातो आणि एकादशीनंतरच्या पहिल्याच दारात आपण घड्याळ पाहू लागतो.

त्या मुलाने गेल्या वर्षी दिंडीप्रमुखांकडून शिक्क्याचे ओळखपत्र करून घेतले. "माळ पुरत नाही," एवढेच म्हणाला, रागही नव्हता आवाजात. मला तो राग असता तर बरे वाटले असते. परतीला तो एसटीने एकटा गेला, आमची गाडी चुकू नये म्हणून.

यंदा प्रस्थानाआधी आम्ही बसलो होतो तेव्हा मी त्याला म्हटले, परत एकत्रच यायचे. त्याला बाजूला घेतले तर आठही जण बाजूला व्हायचे, आणि कारण विचारायचे, नम्रपणे, नाव लिहून घेत. गाडी जाईल, जाऊ दे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, टाळ पिशवीत ठेवू नका तेवढे. हातात असू द्या."