दिवा दिला, तेल कोणाचे?

आमच्या आत्याबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. फोंडे तालुक्यात देवळाच्या पाठीमागच्या वाड्यावर त्यांचे घर. आजवर त्यांच्याजवळ आकडे दाबण्याचा जुना लहान फोन होता. परंतु नात परगावी शिकावयास गेली, तिचे मुख अधूनमधून दिसावे, आणि पाय साथ देईनासे झाल्यावर कुळदेवतेची पालखीही घरबसल्या पाहावयास मिळावी, अशी इच्छा त्यांना झाली. म्हणून श्रावणात मी त्यांना बाजारात घेऊन गेलो आणि एक बऱ्यापैकी फोन पसंत केला. दुकानदाराने पेटी उघडून दाखविली. आत फोन होता, एक केबल होती, काही कागद होते. विजेच्या खोबणीत बसवावयाचा जो ठोकळा, ज्याला आपण सारे चार्जर म्हणतो, तो मात्र नव्हता. दुकानदार सौजन्याने म्हणाला, “चार्जर वेगळो घेवचो पडटलो.” आत्याबाई क्षणभर त्या पेटीकडे पाहत राहिल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दिवो दिलो, पूण तेल खंय?”

चार्जर वेगळा घेतला, पैसे दिले, आणि आम्ही घरी आलो. प्रकरण तेथेच संपावयास हवे होते. परंतु वकिलाच्या मनाला एक खोड असते. एखादा प्रश्न साध्या भाषेत नेमका विचारला गेला की तो त्याला स्वस्थ बसू देत नाही. आत्याबाईंचा प्रश्न वरवर पाहता काहीशे रुपयांचा होता. परंतु त्या पेटीवर पर्यावरणाच्या रक्षणासंबंधी दोन गोड वाक्येही छापलेली होती, आणि त्यामुळे त्या प्रश्नाला नीतिशास्त्राचे एक अंग प्राप्त झाले होते. विकणाऱ्याने एखादी वस्तू कमी करावी, आणि त्या कमी करण्याला सद्गुणाचे नाव द्यावे, तर तो सद्गुण नेमका कोणाचा?

प्रथम घडले काय ते पाहू. ऑक्टोबर 2020 मध्ये ॲपल कंपनीने आयफोन 12 बाजारात आणला तेव्हा त्याच्या पेटीतून चार्जर आणि कानात घालावयाची श्रवणिका या दोन्ही वस्तू काढून टाकल्या. इतकेच नव्हे, तर आधीपासून विकल्या जात असलेल्या आयफोन 11 सारख्या नमुन्यांच्या पेट्यांतूनही त्या वगळल्या. कारण असे सांगितले की, जगात कंपनीचे सुमारे 200 कोटी चार्जर आधीच लोकांच्या घरी आहेत. पेटी लहान झाल्याने वाहतुकीच्या एकेका फळीवर 70 टक्के अधिक पेट्या मावतील. आणि पर्यावरणासाठी केलेल्या अशा सर्व बदलांमुळे वर्षाला 20 लाख टनांहून अधिक कर्बवायू वाचेल. सॅमसंग कंपनीने त्याच महिन्यात, आपल्या फोनबरोबर चार्जर मिळतो अशी जाहिरात करून प्रतिस्पर्ध्याला चिमटा काढला होता. पुढे जानेवारी 2021 मध्ये तिच्या गॅलक्सी एस 21 च्या पेटीतूनही चार्जर नाहीसा झाला, आणि ती जाहिरातही नाहीशी झाली. आजही कित्येक कंपन्या पेटीत चार्जर घालतात. तथापि महाग फोनांच्या बाबतीत न घालण्याचीच रीत रूढ झाली आहे.

आता कायदा काय म्हणतो? गौण वस्तू मुख्य वस्तूच्या मागोमाग जाते, हे रोमन कायद्याचे जुने सूत्र आहे. आपल्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 8 व्या कलमात या तत्त्वाचे फार घरगुती रूप आढळते: घर विकले की, करारात वेगळे काही ठरले नसल्यास, त्याची कुलपे, किल्ल्या, दारे आणि खिडक्याही घराबरोबर जातात. घर विकून किल्लीचे पैसे वेगळे मागणाऱ्यास न्यायालय उभे करणार नाही. मग फोनाची किल्ली कोणती? ज्यावाचून तो दुसऱ्या दिवशी काचेचा निर्जीव तुकडा होतो, तो चार्जर नव्हे काय?

परंतु या युक्तिवादाला उत्तर आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. एका घराची किल्ली दुसऱ्या घराला लागत नाही. चार्जर मात्र दहा फोनांना लागू शकतो. जी वस्तू सर्वांना सामाईक झाली, ती प्रत्येक विक्रीबरोबर पुन्हा पुन्हा का द्यावी? युरोपीय संघाने हाच विचार केला. नको असलेल्या आणि टाकून दिलेल्या चार्जरांचा कचरा तेथे दरवर्षी सुमारे 11,000 टन होतो, असा तेथील आयोगाचा अंदाज आहे. म्हणून 2022 मध्ये संघाने निर्देश काढला. 28 डिसेंबर 2024 पासून फोन आणि तत्सम उपकरणांना एकाच प्रकारची, म्हणजे यूएसबी-सी, खोबण असली पाहिजे. आणि जो विक्रेता चार्जरासह वस्तू विकतो त्याने ती चार्जराविनाही घेण्याची मुभा ग्राहकाला दिली पाहिजे. पेटीत चार्जर आहे की नाही हे चित्राने दाखविणेही आवश्यक केले. आपल्या देशातही भारतीय मानक ब्यूरोने 2023 च्या आरंभी यूएसबी-सी खोबणीचे मानक प्रसिद्ध केले.

ब्राझीलने मात्र याच्या अगदी उलट पाऊल टाकले. 1990 च्या ग्राहक संरक्षण संहितेच्या आधारे साव पावलो राज्याच्या ग्राहक संस्थेने 2021 मध्ये ॲपलला सुमारे 1 कोटी 5 लाख रेआल दंड केला, आणि सप्टेंबर 2022 मध्ये केंद्रीय न्याय मंत्रालयाने सुमारे 1 कोटी 22 लाख रेआल दंड करून चार्जराविना आयफोन विकण्यास मनाई केली. वस्तूचा आवश्यक भाग काढून घेऊन ती अपुरी विकली जात आहे, असे त्या मंत्रालयाचे म्हणणे होते. पर्यावरणाची चिंता खरी असेल तर ती दूर करण्याचे अन्य मार्ग आहेत. सर्वांना चालणारी खोबण स्वीकारणे हा त्यांपैकी एक, असेही त्याने सुनावले.

एकाच वस्तूविषयी दोन खंडांचे हे दोन निर्णय पाहून सामान्य वाचक गोंधळेल. एक म्हणतो, दिला नाहीस म्हणून दंड भर. दुसरा म्हणतो, नको असणाऱ्याच्या गळ्यात बांधू नकोस. परंतु जरा खोल पाहिले तर दोघांच्या निर्णयांचे मूळ एकच आहे. हवे की नको, हे ठरविण्याचा अधिकार ज्याला ती वस्तू वापरावयाची आहे त्याचा. ब्राझीलमध्ये तो अधिकार हिरावला गेला असे ठरले, युरोपने तो कायद्याने लिहून दिला. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही, एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेणे भाग पाडणे ही निर्बंधक व्यापारप्रथा मानली आहे. उघड सक्ती आणि परिस्थितीने केलेली सक्ती यांतील अंतर न्यायालयात मोठे असेल. आत्याबाईंच्या पर्सला मात्र ते जाणवत नाही.

येथे कायदा थांबतो आणि धर्माचा विचार सुरू होतो. कठोपनिषदातील वाजश्रवसाची कथा आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. त्याने यज्ञात सर्वस्व दान करावयाचे ठरविले, आणि दान दिल्या त्या दूध आटलेल्या, पुन्हा वासरू न होणाऱ्या गाई. लहानग्या नचिकेत्याला ते खटकले. बापाने खोटे बोलले नव्हते; गाई खऱ्या होत्या, दानही खरे होते. खोटे एवढेच होते की ज्याला त्याग म्हटले त्यात त्यागणाऱ्याचे काही गेले नव्हते. आणि तरीही वाजश्रवसाच्या बाजूने एक गोष्ट म्हणावी लागेल: त्या गाई त्याच्या स्वतःच्या होत्या. आज जो त्याग पेटीवर छापला जातो, तो विकणारा स्वतःच्या गोठ्यातून करीत नाही. घेणाऱ्याच्या पदरात पडावयाची वस्तू तो पडू देत नाही, आणि अपरिग्रहाचे पुण्य मात्र आपल्या खात्यावर जमा करतो.

अपरिग्रह हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचे त्यानेच घ्यावयाचे असते. एकादशी मी केली तर उपवास. माझ्या घरी जेवावयास आलेल्या पाहुण्याला मी एकादशीच्या नावाने उपाशी ठेवले तर त्याला दुसरे नाव आहे. या दृष्टीने चीनमधील एक उदाहरण मला उद्बोधक वाटते. 2020 च्या अखेरीस शाओमी कंपनीने मी 11 हा फोन तेथे दोन प्रकारे विकावयास काढला, एक चार्जरासह आणि एक चार्जराविना. किंमत दोहोंची एकच. ज्याने चार्जर नाकारला त्याला पैशाचा लाभ यत्किंचितही नव्हता. त्याचा त्याग अल्प असेल, परंतु तो त्याचा स्वतःचा होता. किंमत कमी केली असती तर अधिक न्याय्य झाले असते, हे खरे. तथापि निवड त्याच्याच हाती राहिली.

कोणी म्हणेल की एवढ्या लहान वस्तूसाठी एवढे मोठे तत्त्व कशाला? म्हणून मी व्यवहारात लावता येतील अशा तीन कसोट्या सुचवितो. पहिली: जे वाचले ते कोणाकडे गेले? ठोकळा गेला, पेटी लहान झाली, वाहतूक स्वस्त झाली; या बचतीतील वाटा घेणाऱ्याला मिळाला काय? अमेरिकेत वगळलेला तोच चार्जर सुट्या रूपाने 19 डॉलरांना विकला गेला, हे येथे ध्यानात ठेवावे. दुसरी: “तुमच्याजवळ असेलच” हे गृहीतक खरे होते काय? आयफोन 12 बरोबर दिलेल्या केबलीचे टोक यूएसबी-सीचे होते, आणि लोकांच्या घरी साठलेले बहुसंख्य जुने चार्जर चपट्या जुन्या खोबणीचे होते. म्हणजे 200 कोटींचा आकडा खरा असूनही, त्यांतील बहुतेक त्या केबलीला निरुपयोगी होते. जुनी केबल जपून ठेवलेल्याचे भागले. इतरांना बाजार गाठावा लागला. तिसरी: ज्याच्याजवळ खरोखरच नाही, त्याचे काय?

या तिसऱ्या कसोटीत प्रश्नाचे मर्म आहे. चार्जर कोणाच्या घरी साठलेले असतात? जो दर दोन वर्षांनी फोन बदलतो त्याच्या. ज्याच्या घरी नसतो तो कोण? पहिल्यांदाच असा फोन घेणारा: वृद्ध, शेतमजूर, शिक्षणासाठी गाव सोडणारी मुलगी. एकूण जगात पुरेसे चार्जर आहेत हे विधान, एकूण जगात पुरेसे धान्य आहे या विधानासारखेच आहे. खरे असूनही भुकेल्याच्या पानात ते काही वाढीत नाही. आणि ज्याला वेगळा खर्च जड जातो, तो रस्त्याकडेचा स्वस्त ठोकळा घेतो. आपल्याकडे अशा ठोकळ्यांवर मानक ब्यूरोची नोंदणी-खूण असणे बंधनकारक आहे. परंतु सर्वांत स्वस्त वस्तूवर ती शोधण्यास कोण थांबतो? अशा रीतीने सर्वांच्या भल्याचा म्हणून केलेला बदल, ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्यावर सर्वांत अधिक भार टाकतो.

आतापर्यंत मी फिर्यादीच्या बाजूने बोललो. परंतु त्याच रात्री एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. घरी येऊन मी माझ्या मेजाचा खालचा खण उघडला. आत सात चार्जर निघाले. दोन तर यूएसबी-सीचे होते, आणि त्यांतला कोणताही आत्याबाईंच्या फोनाला चालला असता. जगभर 2022 मध्ये 6 कोटी 20 लाख टन विद्युत कचरा निर्माण झाला, आणि त्यातील जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. त्या ढिगात माझ्या खणाचाही वाटा होता. “तुमच्याजवळ असेलच” हे वाक्य आत्याबाईंच्या बाबतीत असत्य होते. माझ्या बाबतीत ते अक्षरशः सत्य होते. आणि दुकानात उभे असताना, विक्रेत्यावर मनात खटला भरण्यात मी इतका गुंतलो होतो की स्वतःचा खण मला आठवलाही नाही.

म्हणून निर्णय देताना दोन्ही पक्षांना काही सांगणे भाग आहे. विकणाऱ्याने वस्तू कमी करावी. त्यात मूलतः अधर्म नाही. परंतु मग किंमतही कमी करावी, नसलेल्याला ती मागताच मूळ किमतीत मिळावी, आणि आपल्या हिशेबाला व्रताचे वस्त्र नेसवू नये. आणि आपण, ज्यांच्या घरी खण भरलेले आहेत, त्यांनी फुकट मिळते म्हणून घेणे थांबवावे, आणि जे पडून आहे ते ज्याला हवे त्याला द्यावे. पेटीत मिळत होते तोवर आपण कधी “नको” म्हटले होते काय? विक्रेत्याने आपल्या वतीने परस्पर त्याग करून टाकला, याचे एक कारण हेही असेल की आपण स्वतः तो कधी केलाच नाही.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. दक्षिणेतील जुन्या शिलालेखांत देवाला नंदादीप अर्पण केल्याच्या नोंदी पुष्कळ आढळतात, आणि त्यांत बहुधा दिव्यापाशीच दान थांबत नाही. तेलासाठी जमीन, घाण्याचे उत्पन्न किंवा ठेव यांची तजवीजही त्याबरोबर लिहिलेली असते. तेलाचा विचार केल्यावाचून दिवा दिला असे त्यांना म्हणवत नव्हते.

पुढच्या खेपेस मी फोंड्याला गेलो तेव्हा खणातले ते दोन चार्जर बरोबर घेतले. वाड्यावर एका गवंड्याच्या मुलीने शिष्यवृत्तीच्या पैशातून पहिला फोन घेतला होता. त्यातला एक तिला दिला. दुसरा आत्याबाईंनी देवळाच्या कचेरीत ठेवावयास सांगितला, कोणा यात्रेकरूला लागला तर असावा म्हणून. तो त्यांनी स्वतः नेऊन दिला, आणि येताना समईत तेल घालून आल्या.