मुळाला दार एकच

आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूरच्या शिवारात दोन जातींच्या जमिनी शेजारी शेजारी भेटतात. उतारावर बरड, जिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. ओढ्याच्या अंगाला भारी काळी. दोन्हीकडे पेरली जाते ती कपाशीच. पावसाने खंड दिला की बरडावरची पऱ्हाटी भरदुपारी माना टाकते आणि काळीला भेगा पडू लागतात. भेगेत वाकून पाहिलं तर तुटलेली केसासारखी मुळं दोन्ही कडांना लोंबताना दिसतात. झाडाने मान टाकली तर पाणी कमी, पान पिवळं पडलं तर खत कमी, असा आपला सरळ हिशेब असतो. पाणी हे एक खातं, मातीतली अन्नद्रव्यं आणि धातू हे दुसरं. जमिनीखाली मात्र ही वाटणी नाही. ती धरून बसल्यामुळे आपण माती मोजतो आणि मूळ विसरतो, असं माझं म्हणणं आहे.

मुळाचं शहाणपण टोकाच्या काही मिलिमीटरमध्ये असतं. चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने 1880 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात हे मांडलं होतं: जाण टोकाला असते, वळतो तो त्याच्या मागचा भाग. एकाच मुळाची एक बाजू ओलीला आणि दुसरी कोरड्या पोकळीला लागलेली असेल, तर उपमुळं ओल्या बाजूला फुटतात. पण मुळात शिरलेलं पाणी सरळ खोडाकडे जात नाही. मुळाच्या गाभ्याभोवती पेशींचं एक कडं असतं आणि त्या पेशींमधल्या फटी पाणी न झिरपणाऱ्या पट्टीने बुजवलेल्या असतात. रॉबर्ट कास्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्या पट्टीला आहे. तिच्यामुळे पाणी असो की क्षार, प्रत्येकाला जिवंत पेशीतूनच आत जावं लागतं. माती कोरडी पडली की मूळ या कड्यावर बुचासारखा सुबेरिनचा थर चढवतं, म्हणजे आतलं पाणी कोरड्या मातीत परत झिरपत नाही. कॅडमियमसारखा धातू भिडला तरी मूळ हाच थर चढवतं, आणि तोही टोकाच्या अधिक जवळ. दार लावलं की विष अडतं, पण पाणीही अडतं. वर कॅडमियमने टोकाची वाढ खुंटते, म्हणजे खोलवरची ओल गाठण्याची ताकदच जाते. दहा दिवसांचा जो खंड निरोगी मुळाने सहज काढला असता, तो अशा मुळाला जड जातो.

यावर कोणी म्हणेल की चुनखडीच्या काळ्या जमिनीत धातू जखडलेलेच असतात, मग भीती कशाची? आक्षेप रास्त आहे. इथली नेहमीची तक्रार जस्त आणि लोह मिळत नाही अशीच असते. पण धातू जखडलेला म्हणजे मूळ उपाशी, आणि उपाशी मूळ दार उघडतं. मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडोप्सिस या रोपट्यावर 2016 मध्ये झालेल्या कामातून दिसलं की लोह, जस्त किंवा मँगनीज कमी पडलं की मूळ सुबेरिनचा थर आवरतं घेतं. लोहासाठी ते जी वाहक प्रथिनं वाढवतं, त्यांतूनच कॅडमियमही आत येतं. हा धातू स्फुरदाच्या खतातून थोडा थोडा शेतात पडत राहतो, कारण फॉस्फेटच्या खडकात तो मुळातच असतो. युरोपीय संघाने 2022 पासून खतातल्या दर किलो स्फुरदामागे (P2O5 धरून) 60 मिलिग्रॅम कॅडमियम ही मर्यादा घातली ती त्याचमुळे. उटनूरची माती विषारी झाली, असं मी म्हणत नाही. जी भर वर्षानुवर्षं पडते आणि परत काढता येत नाही, ती वेळेत मोजावी, एवढंच.

शिवाय जखडलेला धातू कायम जखडलेला राहत नाही. आदिलाबाद भागातल्या पैनगंगा गटाच्या चुनखडकात मँगनीजचे थर आहेत. मँगनीज असलेली अशी माती चिबडली, तिच्यातला प्राणवायू संपला की मँगनीज विरघळतं. वाफसा आला की पुन्हा घट्ट होतं. भातात कॅडमियमचं उलट असतं: शेतात पाणी उभं असताना ते बांधलेलं राहतं, शेत सुकलं की सुटतं. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीतून खाणीचं कॅडमियम भाताच्या शेतांत गेलं, आणि हाडं ठिसूळ करणाऱ्या इताई-इताई रोगाचं कारण तेच, हे सरकारने 1968 मध्ये मान्य केलं. म्हणजे धातू किती मोकळा आहे हे ठरवतं पाणी, आणि पाणी किती मिळेल हे ठरवतं धातूने राखलेलं किंवा खुरटवलेलं मूळ.

प्रयोगशाळेत धातूचे डोस फार मोठे असतात, कुंडीतल्या निष्कर्षांवरून शेताबद्दल बोलू नये, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. त्या डोसांवरून नुकसानाचा आकडा काढणं चूकच. पण दार कुठे आहे आणि ते कशाने हलतं, हे समजायला ते प्रयोग पुरतात. खोल मुळांचं वाण आणलं की सगळं सुटेल, ही आशा मात्र मला पटत नाही. भातात मुळाचा कोन बदलून ती खोल नेणारा जनुक 2013 मध्ये सापडला, आणि ते काम मोठं आहे. पण वीतभर खाली मुरूम असेल तर खोल जाणारं मूळ जाणार कुठे?

म्हणून माझा रोख तपासणीवर आहे. 2015 मध्ये मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाली. ती 12 बाबी सांगते. त्यांत जस्त, लोह, तांबं, मँगनीज आहेत ते पिकाला कमी पडतात का हे पाहण्यासाठी. कॅडमियम आणि शिसं नाहीतच. नमुना साधारण वरच्या 15 सेंटिमीटरचा असतो, आणि योजना सुरू झाली तेव्हा कोरडवाहू भागात 10 हेक्टरला एक नमुना असं प्रमाण होतं. उटनूरसारख्या डोंगराळ भागात 10 हेक्टर म्हणजे बरड आणि काळी दोन्ही, आणि दोन्हींच्या हाती तोच आकडा यायचा. बरडाचा आणि काळीचा नमुना वेगळा घ्यावा, काळीत तो दोन खोलींवरून घ्यावा, त्या वेळी माती चिबडलेली होती की वाफशावर हे लिहावं, आणि खताच्या पोत्यातलं कॅडमियम तपासावं. यात अशक्य काही नाही.

पेरणीतही याच नजरेने पाहता येतं. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ घालायची रीत जुनी आहे. पटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतल्या संशोधकांनी 1990 मध्ये दाखवलं की तुरीचं मूळ पिसिडिक आम्ल बाहेर सोडतं आणि लोहाने धरून ठेवलेला स्फुरद त्यातून मोकळा होतो. तो परिणाम तांबड्या जमिनीतला. चुनखडीच्या काळीत स्फुरद कॅल्शियमशी बांधलेला असतो, तिथे तुरीचा तसा जोर चालत नाही. आणि लोहाला पकडणारं आम्ल इतर धातूही सोडवू शकतं, म्हणून तूर म्हणजे रामबाण नव्हे. तरी उतारावरच्या तांबूस बरडात एका ओळीमुळे स्फुरदाचं पोतं किती हलकं होतं, आणि त्या ओळीतल्या शेंगेत कॅडमियम किती उतरतं, हे दोन्ही आकडे एकाच शेतातून, एकाच हंगामात काढता येतील.