प्लेट आणखी थोडे दिवस ठेवा

बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. एक श्वास आत येऊ द्या. मोजू नका.

सोलापुरात बसला असाल, तर त्या श्वासाबरोबर यंत्रमागावरून उडालेले सुताचे तंतू आले असतील, मळणीचं भूस आलं असेल. आणि अॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणूही. कुजत्या पाल्यात, ओल लागलेल्या ज्वारीत ती वाढते. एकेक बीजाणू जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचा. असे शेकडो आपण रोज ओढतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

श्वास सोडा. पत्ता का लागत नाही, यावर थोडं थांबा.

श्वासनलिकेच्या आतल्या कडेला सूक्ष्म केस आहेत. वाऱ्यावर ज्वारीचं रान डुलावं तसे ते अखंड हलतात आणि वरचा पातळ कफ घशाकडे सरकवत नेतात. आलेला बीजाणू त्या कफाबरोबर बाहेर पडतो. यासाठी आपण काहीही करत नाही.

आता सिस्टिक फायब्रोसिस असलेलं एखादं मूल मनात आणा. जन्मतःच एका जनुकात दोष आहे. पेशींतून क्लोराइड नीट बाहेर पडत नाही, कफाला पाणी मिळत नाही, तो चिकट होऊन जागीच बसतो. हवा तीच, गल्ली तीच. आपल्या छातीतून निघून जाणारा बीजाणू तिथे मुक्काम करतो. 37 अंशांची ऊब त्याला मानवते. ही बुरशी 50 अंशांपर्यंतही तग धरते, सोलापूरच्या मे महिन्याचं तिला काय!

या मुलांचा घाम फार खारट असतो. 1948 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेच्या लाटेत अशी मुलं कोसळली, आणि 1953 मध्ये पॉल दि सांताग्नीज यांनी घामातलं जादा मीठ दाखवून दिलं. ज्या गावात उन्हाळ्यात प्रत्येकाच्याच सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग पडतात, तिथे एका मुलाचा खारटपणा कुणाच्या लक्षात यावा? त्यात हा आजार आपल्याकडे नसतोच, असं डॉक्टरही बराच काळ मानत होते. खोकला दिसला की टीबी, नाहीतर दमा.

पुन्हा एक श्वास. या वेळी जरा सावकाश.

छातीत बुरशी आहे का हे तपासायचं, तर "बेडका आणा," असं सांगितलं जातं. चार वर्षांचं मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. मग मिठाच्या पाण्याची वाफ देऊन खोकला काढावा लागतो. हाती येतो तो दाट, तारा सुटणारा थेंब. तो पातळ करून त्यातला कणभरच बुरशी वाढवायच्या प्लेटवर पसरला, तर बुरशी हातची निसटते. जास्त घ्यावा लागतो, दाट घ्यावा लागतो. सुडोमोनास नावाचे जिवाणू आधीच प्लेट व्यापून टाकतात, म्हणून माध्यमात प्रतिजैविक घालून त्यांना दाबतात.

मग थांबायचं. अॅस्परजिलस दोन-तीन दिवसांत निळसर हिरवी उगवते. सेडोस्पोरियमसारखी मंद बुरशी कधी दोन-तीन आठवडेही घेते. जी प्लेट घाईने टाकून दिली, तिच्यातली बुरशी रिपोर्टात 'आढळली नाही' होऊन बसते. मला या सगळ्या तपासणीत यंत्रांपेक्षा हे थांबणंच मोठं वाटतं, आणि गर्दीच्या लॅबमध्ये नेमकं तेच सगळ्यात अवघड.

आता समजा, रिपोर्टात बुरशी आली. आईच्या छातीत धस्स होतं. इथे तिच्याशेजारी बसा, घाई करू नका. सापडली म्हणजे बाधली असं नाही. काही मुलांच्या कफात ती नुसती राहते. काहींचं शरीर मात्र तिच्यावर चवताळतं: रक्तातलं आयजीई हे अॅलर्जीचं प्रथिन चढतं, धाप वाढते, एक्स-रेमध्ये नवे डाग दिसतात. म्हणून डॉक्टर कफाचा रिपोर्ट एकटाच वाचत नाहीत. रक्त, फुंकर चाचणी, मागच्या भेटीचे आकडे शेजारी ठेवतात. मग कुणाला स्टिरॉइड आणि बुरशीविरोधी औषध मिळतं. कुणाला नवं औषध काहीच नाही: छातीचा रोजचा व्यायाम चालू ठेवायचा, आणि पुढच्या खेपेला येताना पुन्हा बेडका आणायचा.