हंगाम मोडलेली खरेदी

सातारा-सांगलीकडे कापड घ्यायचे हंगाम ठरलेले असत. जूनमध्ये शाळेचा गणवेश, दिवाळीला घरातल्या प्रत्येकाला एक जोड आणि घरात लग्न निघालं तर बस्ता. एरवी काही फाटलं-उसवलं तर ते शिंप्याकडे जायचं. हे वेळापत्रक कुणी साधेपणाच्या व्रतापोटी बसवलेलं नव्हतं. पैसा हातात येण्याच्या वेळाच तेवढ्या होत्या. कृष्णा-वारणेकाठी कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं की, तासगावकडे द्राक्षं-बेदाणा विकला की, सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा झाला की, आणि माण-खटावात मुंबईच्या गिरणीतून मनिऑर्डर आली की. एखादी वस्तू हवीशी वाटणं आणि ती घरी येणं यांत त्यामुळे दोन-चार महिने आपोआप जात. तेवढ्यात निम्म्याअधिक इच्छा विरूनही जात.

फोनने हा मधला काळ काढून टाकला. दहिवडीतला पोरगा रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या जो शर्ट बघतो, तो चार-पाच दिवसांत दारात येतो. पैसे नसले तर 'नंतर भरा' म्हणायलाही कुणीतरी तयार असतंच. हा विषय निघाला की आपण लगेच फॅशनच्या नावाने बोटं मोडतो, 'हल्लीची पिढी' वगैरे सुरू होतं. मला ते पटत नाही. ऑनलाइन कपडे घेताना माणूस फसतो तो फॅशनपायी कमी आणि घाईपायी जास्त. घाई आवरली तर फॅशन आपोआप आपल्या मापात येते.

कारण फॅशन आपल्याकडे नवी नाही. 1973 साली 'बॉबी' आला आणि ठिपक्यांचं बॉबी प्रिंट तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचलं. टेरिकॉट आलं, नायलॉनच्या साड्या आल्या, बेलबॉटम आली. सगळी आली तशी गेली. पण येताना ती सांगलीच्या कापड पेठेतल्या किंवा साताऱ्याच्या मोती चौकातल्या एखाद्या दुकानदाराच्या खिशातून यायची. मुंबईहून, सुरतेहून माल उचलताना पहिला हिशेब तो करायचा. माल अंगावर पडला तर नुकसान त्याचं. शिवाय पहिल्याच धुण्यात रंग सोडलेली साडी घेऊन बाई पुढच्या बाजाराला परत येईल आणि चारचौघांत गादीवर टाकेल, ही धास्ती वेगळीच. त्यामुळे निम्मी फॅशन दुकानाच्या उंबऱ्यावरच अडायची. ॲपवर विकणाऱ्याला तुमचं तोंड पुन्हा बघायचं नसतं. पुढच्या महिन्यात तो त्याच नावाने असेल याचीही खात्री नाही.

बस्ता ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना ठाऊक असेल की ती नुसती खरेदी नसे. दोन्हीकडची माणसं जीप किंवा टेंपो करून यायची. पांढऱ्या गादीवर बैठक बसायची, चहा व्हायचा आणि ठाणच्या ठाण उलगडली जायची. त्या गर्दीत एक तरी आत्याबाई किंवा मावशी अशी असायची की जिच्या होकाराशिवाय साडी बाजूला निघायची नाही. ती साडीची उलटी बाजू आधी बघायची. अंगठा आणि तर्जनीत पदर चोळायची, काठाकडचा एखादा धागा ओढून बघायची, उन्हात नेऊन रंग तपासायची आणि मग सावकाश म्हणायची, 'दोन धुण्यात ह्याचं बोंदरं हुईल, बाई.' ही परीक्षा शाळेत शिकवत नाहीत. ती हातात असते, आणि त्या हातातून फोनवरची साडी जातच नाही. फोनवर आपण एकटे असतो. बस्त्याला दहा माणसं असत आणि त्यांतली चार तरी 'राहू दे' म्हणणारी असत.

मात्र या बैठकीचे गोडवे फार गाऊ नयेत. त्यात नवरीला काय आवडलं हे शेवटी विचारायचे, तेही विचारलंच तर. रंग सासूने निवडायचा, किंमत चुलत्याने ठरवायची. सुनेने जीन्स घ्यायची म्हटली तर गावभर व्हायचं. अंतर्वस्त्रं घ्यायची तर काउंटरपलीकडे पुरुष उभा, म्हणून बायका हळू आवाजात माप सांगायच्या आणि चुकीचं माप निमूटपणे घरी आणायच्या. जाडजूड बाईला 'तुमच्या मापात नाही' हे वाक्य चारचौघांत ऐकावं लागे. जतच्या किंवा आटपाडीच्या मुलीला आज हे सगळं टाळून हवं ते, हव्या त्या मापाचं घरपोच मिळतं. ही सुटका लहान नाही. 'ऑनलाइन बंद करा' असं म्हणणारे बहुतेक पुरुषच असतात, असं माझं निरीक्षण आहे.

निरुपयोगी कापडाचा साठाही फोनने सुरू केलेला नाही. कोणत्याही घरचं कपाट उघडा. आहेरात आलेल्या, कधीच न नेसलेल्या साड्या, ब्लाऊज पीस आणि टॉवेल-टोप्या तिथे पुढच्या लग्नाची वाट बघत असतात. पाच-सहा घरं हिंडून तोच पीस मूळ मालकिणीकडे परत आल्याचे किस्से आपण हसत हसत सांगतो. 'कृपया आहेर आणू नये' हे पत्रिकेच्या तळाशी आता छापतात, तरी देणारा देतोच आणि घेणारा घेतोच.

या मातीत खरेदीला लगाम घालण्याचा विचार मात्र आधी झालेला आहे. साताऱ्यात 1828 साली जन्मलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी 1872 च्या जानेवारीत हातानं कातलेलंच कापड वापरायचं व्रत घेतलं आणि 1877 च्या दिल्ली दरबाराला ते पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने त्याच पांढऱ्या खादीत गेले. राजेरजवाड्यांच्या जरतारी गर्दीत. पुढे 1943 नंतर, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात, याच भागात गांधी लग्नं लागू लागली. हुंडा, वाजंत्री, मानपान यांना फाटा देऊन, थोड्या खर्चात. सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. त्याचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता. या दोन गोष्टी मी देशभक्तीचा धडा म्हणून सांगत नाही. मला त्यांतली रीत महत्त्वाची वाटते. काकांनी बाजारात उभं राहून दर वेळी मोहाशी झुंज घेतली नाही. नियम आधीच, थंड डोक्याने करून ठेवला. गांधी लग्नात तर नियम गावाने मिळून केला, त्यामुळे कुणा एकाच्या घरची आबरू जाण्याचा प्रश्न उरला नाही. ऐनवेळी मनाचा निग्रह शोधत बसणं हा मोह टाळण्याचा सगळ्यात कच्चा मार्ग आहे.

आणि समोरचा त्या निग्रहावरच टपलेला असतो. 'फक्त 2 शिल्लक', 'ऑफर संपायला 09:42 मिनिटं', 'आत्ता 37 जण हेच बघत आहेत' हे आकडे कपड्याबद्दल काहीच सांगत नाहीत. ते तुम्हाला उद्यापर्यंत थांबू देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने अशा 13 क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. त्या यादीत पहिल्याच क्रमांकावर खोटी घाई आहे. न विचारता टोपलीत काहीतरी सरकवणं आणि 'नको, मला बचत नको' असं बटण दाबायला लावून ओशाळवणं हेसुद्धा त्यात येतं. नियम आला म्हणून घड्याळं थांबलेली नाहीत, हे फोन उघडला की दिसतंच.

ट्रेंड कसा चालतो हे बघायला आपल्याकडे खणाइतकं चांगलं उदाहरण नाही. खण मुळात चोळीचं कापड. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणला जायचा आणि मिरज-सांगलीच्या बाजारात त्रिकोणी घड्यांच्या थप्प्यांनी यायचा. इरकली लुगडं आणि खणाची चोळी हा जतपासून मिरजेपर्यंतच्या बायकांचा रोजचा वेश होता, सणाचा नव्हे. मग तो म्हाताऱ्या बायकांपुरता उरला. गेल्या काही वर्षांत एकाएकी खणाची साडी आली, खणाचा कुर्ता, पर्स, तोरण, 2020 साली तर खणाचे मास्कसुद्धा. मला याचा आधी आनंदच झाला. पण चोळीपुरत्या अरुंद पन्ह्याच्या हातमागावर साडी होत नाही. फोनवर चारशे रुपयांना दिसणारी 'खण साडी' बहुतेक वेळा पॉलिस्टर असते, कित्येकदा तर नुसता छाप. खऱ्या खणाची बुट्टी विणीतच असते. कापड उलटं केलं की नक्षीचे धागे दिसतात. छापील कापडाची उलटी बाजू फिकट आणि सपाट. म्हणून फोटोंत विक्रेत्याने उलटी बाजू दाखवली आहे का ते बघा. नसेल तर मागा. बस्त्यातल्या आत्याबाईंची पहिली परीक्षा एवढ्यापुरती फोनवरही करता येते.

दुसऱ्या परीक्षेला मोजपट्टी लागते. 'एल' आणि 'एक्सएल' यांचं माप प्रत्येक कंपनीचं निराळं. त्यापेक्षा अंगाला नीट बसणारा आपलाच एक सदरा जमिनीवर सपाट पसरावा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावा, लांबी मोजावी आणि ते आकडे फोनमध्येच लिहून ठेवावेत. विक्रेत्याच्या तक्त्यातले इंच कपड्याचे आहेत की अंगाचे हेही बघावं. गफलत बहुतेक इथेच होते. कापडाचं नाव वाचावं. 'आर्ट सिल्क' हा कृत्रिम धागा असतो, 'कॉटन ब्लेंड'मध्ये सूत किती टक्के ते लिहिलेलं नसेल तर ते कमीच धरावं. टी-शर्टचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, 180 च्या आसपास असेल तर तो दोन उन्हाळे काढेल, 130 असेल तर दुसऱ्या धुण्यानंतर आरपार दिसू लागेल. आल्यावर शंका वाटली तर शिवणीच्या आतल्या कापडाचाच एक धागा काढून पेटवा: सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

खरी परीक्षा मात्र आपल्याकडे वाकळेची होती. जुनं लुगडं, धोतर, सदरे एकावर एक घालून धावदोऱ्याने वाकळ शिवली जायची आणि तीत कापडाची पुढची दहा-पंधरा वर्षं निघायची. सूत धुऊन धुऊन मऊ होतं म्हणून हे जमायचं. कृत्रिम साड्यांची वाकळ निसरडी होते, घाम टिपत नाही, अंगावरून घसरते. बोहारीणही हल्ली असल्या साड्यांवर वाटी द्यायला नाखूश असते. म्हणजे आपण असा कपडा विकत घेतो आहोत, जो नेसून झाल्यावर उकिरड्याखेरीज कुठेच जात नाही. मग सगळं सुतीच घ्या म्हणावं, तर सुतालाही हिशेब आहे. एका सुती टी-शर्टमागे सुमारे 2,700 लिटर पाणी जातं, असा जागतिक वन्यजीव निधीने दिलेला अंदाज आहे. दुष्काळात माण-आटपाडीला येणाऱ्या 10 हजार लिटरच्या टँकरमध्ये असे चार टी-शर्टही बसत नाहीत. तेव्हा सुती की पॉलिस्टर या वादापेक्षा घेतलेला कपडा किती वर्षं अंगावर राहिला, हा हिशेब जास्त खरा.

यात एक गंमतही आहे. विट्यात घरोघर यंत्रमाग आहेत, शेजारच्या इचलकरंजीत तर 1904 पासून. तिथलं कोरं कापड बाहेर जातं, दुसरीकडे रंगतं, तिसरीकडे शिवलं जातं, त्याला कुठलंतरी इंग्रजी नाव चिकटतं आणि तोच शर्ट कुरिअरने विट्याच्या गल्लीत परत येऊ शकतो. शेजारच्या घरात विणलेल्या कापडाला आपण मोठ्या शहराचा माल म्हणून पैसे मोजतो.

तरीही फसगत झालीच, तर गप्प बसू नये. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं असतं. न झाल्यास 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्याच्याही पुढे जायचं, तर कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. कापड पेठेतल्या दुकानदाराच्या गादीवर साडी टाकण्याचा हक्क कायद्याने असा परत दिला आहे. तीनशे रुपयांसाठी कोण कटकट करतो, या आपल्या आळसावर तिकडच्यांचा धंदा चालतो.

पण आधी हंगाम परत बसवा. आवडलेला कपडा टोपलीत टाका आणि तिथेच राहू द्या. घरातल्या एकाला तरी दाखवा, शक्यतो 'राहू दे' म्हणणाऱ्याला. उसाचं बिल किंवा पगार जमा झाला की ठरलेल्या दिवशी टोपली उघडा आणि तेव्हाही हवंसं वाटेल तेवढंच घ्या. आणि खण घ्यायचाच असेल तर त्याचा ट्रेंड ओसरल्यावर घ्या. गुळेदगुड्डच्या विणकराला गिऱ्हाइकाची खरी गरज तेव्हाच असेल.