७५ फ्रेमचं मौन

आमच्या अभ्यासक्रमात माहितीपटाच्या गुणांची विभागणी ठरलेली आहे. संशोधन, पटकथा, छायांकन, ध्वनी, संकलन, प्रत्येकाचा रकाना वेगळा. ज्या माणसावर माहितीपट केला त्याला त्यातून काय मिळालं, याचा रकाना नाही. तो असावा अशी माझी मागणीही नाही. अशा गोष्टीला गुण मिळू लागले की तिचंही सोंग आणता येतं. पण रकाना नाही म्हणून हिशेब चुकत नाही. शेवटच्या सत्राची फिल्म जमा करण्याआधी तो मी स्वतःशी मांडायला बसले आहे.

विषय पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईपासून इथे तांब्यापितळेची भांडी घडतात. मठारकाम बघत राहावं असं असतं. हातोडीचा एकेक ठोका आधीच्या ठोक्याला लागून पडत जातो, पत्रा कठीण होतो आणि भांड्याच्या अंगावर झळाळी उमटते. ध्वनी शिकणाऱ्याला तर ही आळी म्हणजे खजिनाच. विषय मांडताना मी वर्गात सांगितलं होतं, की एक कला मागे पडते आहे, तिची नोंद व्हायला हवी. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरंही नव्हतं. तांब्यावर पडलेला तिरपा उजेड कॅमेऱ्यात देखणा दिसतो हे मला माहीत होतं. म्हातारे हात, जुनी कला आणि ओढगस्त एकत्र आली की परीक्षक हळवे होतात, हेही माहीत होतं. आधीच्या विद्यार्थ्यांच्या फिल्म मी पाहिल्या होत्या. कचरावेचक बाया, पोतराज, कुंभार आणि तांबट, आम्ही आळीपाळीने त्यांच्याच दारात जातो. आपल्या घरातल्या माणसांपुढे कॅमेरा धरायला मात्र आम्ही कचरतो.

ज्या काकांवर फिल्म केली ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "मागंही दोघं आली होती कॉलेजची. फिल्म दाखवतो म्हणाली." एवढं बोलून त्यांनी मला बसायला पाट दिला. आलेल्या त्या दोघांविषयी मी काही विचारलं नाही. त्यांच्या जागी आता मी होते.

रिलीज फॉर्म इंग्रजीत असतो. चित्रीकरण कुठल्याही माध्यमात, कायमचं वापरण्याचा हक्क त्या एका पानावर आमच्याकडे येतो. मी तो मराठीत नीट समजावून सांगितला. काकांनी चष्मा न लावताच सही केली. "तू सांगितलंस ना, झालं मग." कायद्याला तेवढी सही पुरते. मला ती पुरत नाही, कारण ती कागद वाचून झालेली नाही, माझं तोंड पाहून झालेली आहे.

चित्रीकरणाच्या एका दुपारी काका मुलाबद्दल बोलू लागले. मुलगा आता दुसऱ्या शहरात नोकरी करतो. त्याला या धंद्यात येऊ नकोस असं काकांनीच सांगितलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज बसला. त्या क्षणी माझे डोळे कुठे होते? रेकॉर्डरच्या मीटरवर. आवाज खाली आला होता, तो पुरेसा येतोय का हे मी पाहत होते. याचं मला वाईट वाटत नाही. माणूस आयुष्यात एकदाच जे बोलतो ते आपल्या हलगर्जीपणामुळे वाया गेलं, तर आपण त्याला उगाचच दुखावलं असं होईल. मीटरकडे पाहणं हेही त्यांचं ऐकणंच होतं.

पण त्याच क्षणी माझ्या मनात आणखी काही उठलं, आणि त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. तो आनंद होता. फिल्म मिळाली, असा आनंद. समोर एक बाप आपल्या निर्णयाचं ओझं उचलून बघत होता आणि मी आतून उजळले होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. वर्गातल्या इतरांनाही असं होत असणार, कारण चांगला शॉट मिळाला की आम्ही एकमेकांना टाळी देतो, मग त्या शॉटमध्ये काहीही असो. या आनंदावर उपाय मला सापडलेला नाही. तो येतो हे ओळखून असणं, एवढंच मला जमतं.

पुढे संकलनाचं टेबल. पहिल्या वर्षी आम्हाला कुलेशोव्हचा प्रयोग शिकवतात. नटाचा तोच निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून कधी सूपची थाळी, कधी शवपेटी. पाहणाऱ्याला त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसते, कधी शोक. आम्ही ते ऐकून थक्क झालो होतो. आता माझ्या टाइमलाइनवर काकांचा एक शॉट होता. चहा यायचा होता, काका दाराकडे पाहत गप्प बसले होते. तीन सेकंद, म्हणजे टीव्हीच्या हिशेबाने ७५ फ्रेम. तो मी मुलाच्या उल्लेखानंतर लावून पाहिला. विलक्षण परिणाम झाला. चहाची वाट पाहणारा माणूस मुलाची वाट पाहू लागला. रूम टोन, म्हणजे खोलीतल्या शांततेचा आवाजसुद्धा जुळला, कारण खोली तीच होती.

हे कुणालाही कळलं नसतं. शिक्षकांना नाही, परीक्षकांना नाही. जगात एकाच माणसाला कळलं असतं, आणि तो माणूस फिल्म बघणार नाही हे आम्ही सगळ्यांनी न बोलता गृहीत धरलेलं असतं. आमच्या बहुतेक मोकळिकी या गृहीतकावर उभ्या आहेत.

रॉबर्ट फ्लाहर्टीच्या १९२२च्या 'नानूक' या माहितीपटाबद्दल शिकताना आम्ही फार हुशारीने बोललो होतो. नानूकचं खरं नाव अल्लाकारिअल्लाक होतं, शिकारीला बंदुका वापरणाऱ्या माणसांना भाले धरायला लावले, आत उजेड यावा म्हणून इग्लूची एक बाजू उघडी ठेवली. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचा न्याय करणं सोपं होतं. तो न्याय स्वतःला लावून ते तीन सेकंद परत त्यांच्या मूळ जागी नेऊन ठेवायला मला दोन दिवस लागले.

आनंद पटवर्धन यांच्या १९८५च्या 'हमारा शहर'मध्ये, मुंबईत झोपड्या पाडल्या जात असताना, एक बाई संतापून फिल्म करणाऱ्यांनाच जाब विचारते. तुम्ही फोटो काढणार, नाव कमावणार, आमचं काय, असा तिचा सवाल. दिग्दर्शकाने तो फिल्ममध्ये ठेवला. मला ती जागा फार मोठी वाटते. त्याने स्वतःला सोडवून घेतलं नाही. पण काका मला कधी जाब विचारणार नाहीत. ते पाट देतात. जाब न विचारणाऱ्या माणसापुढे तो प्रश्न मीच घेऊन गेलं पाहिजे, हे मला त्या फिल्ममुळे उमगलं.

म्हणून अंतिम प्रत काढण्याआधी लॅपटॉप घेऊन मी आळीत गेले. काका, काकू आणि शेजारचे दोघे बसले. हातोडीचा आवाज सुरू झाल्यावर काका म्हणाले, "हा घंगाळाचा आवाज. बरोब्बर आलाय." त्या एका शब्दाने मला जे वाटलं ते कुठल्याही गुणपत्रिकेने वाटलेलं नाही. मुलाबद्दलचं बोलणं आलं तेव्हा ते गप्प झाले. संपल्यावर म्हणाले, "तेवढं काढशील का? पोरगं बघंल. त्याला वाटंल, बापाला पस्तावा झालाय."

"झालाय का?" मी विचारलं.

"तो माझा प्रश्न आहे, बाई."

रिलीज फॉर्मप्रमाणे ते बोलणं माझं आहे. फिल्मचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. शिक्षक म्हणाले, आवाज ठेव, चेहरा झाक. तेही काकांच्या मुलाला ओळखू येणारच. मी तो भाग पूर्ण काढला. आता फिल्म घंगाळ घडण्याची आहे, पत्र्यापासून काठापर्यंत. ती आधीपेक्षा दुबळी झाली असं शिक्षकांचं मत आहे, आणि मलाही तसंच वाटतं. सोमवारी ती जमा करायची आहे. एक प्रत काकांना पेनड्राइव्हवर द्यायची आहे, कारण त्यांना ती मुलाला पाठवायची आहे.