दुसरी बहीण

लूव्र संग्रहालयात कॉरिंथमध्ये घडवलेला एक चित्रित कुंभ आहे, इसवी सनापूर्वी ५६०च्या सुमाराचा. टायडियस नावाचा योद्धा इस्मिनीला ठार मारतो आहे, असा प्रसंग त्यावर रंगवला आहे. म्हणजे सोफोक्लिसने 'अँटिगनी' रंगभूमीवर आणण्याच्या शतकभर आधीच इस्मिनीला स्वतःची कथा होती आणि स्वतःचं मरणही होतं. उलट, राजाज्ञा मोडून भावाचं दफन करणारी अँटिगनी सोफोक्लिसच्या आधी ठामपणे कुठेच सापडत नाही. इसवी सनापूर्वी ४४१च्या सुमारास हे नाटक झालं आणि दोघींच्या जागा कायमच्या बदलल्या. इस्मिनी उरली ती बहिणीचं तेज उठून दिसावं म्हणून शेजारी उभी केलेली, दुय्यम.

मराठी वाचकाला हे घराणं परकं नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'राजा ओयदिपौस'च्या शेवटी आंधळा राजा ज्या दोन लहान मुलींना जवळ घेतो, त्याच या दोघी. पुढे त्यांचे दोन भाऊ एकमेकांशी लढून मरतात. मामा क्रिऑन गादीवर येतो आणि त्यातल्या एकाचं प्रेत उघड्यावर टाकण्याचा हुकूम काढतो. 'अँटिगनी' सुरू होतं तेव्हा पहाटेच्या वेळी बहिणी महालाबाहेर भेटलेल्या असतात. अँटिगनी म्हणते, दफन करू या. इस्मिनी म्हणते, आपण दोघीच उरलोय, बायका आहोत, सत्तेपुढे आपलं काय चालणार? मेलेल्यांची मी क्षमा मागेन.

या नकारावरच तिची ओळख पक्की झाली. हेगेलने या नाटकात घराण्याचा धर्म आणि राज्याचा कायदा यांची टक्कर पाहिली. टक्कर दोघांचीच असल्यामुळे त्या वाचनात इस्मिनीला जागाच उरली नाही. एकोणिसाव्या शतकाने अँटिगनीला जवळजवळ देवत्व दिलं आणि देवतेच्या बाजूला उभी असलेली साधी बहीण भित्री ठरली. हा निकाल मला फार उतावळा वाटतो, कारण तो पहिल्याच प्रवेशावर थांबतो.

इस्मिनी पुन्हा येते. अँटिगनी पकडली गेली आहे, मृत्युदंड समोर दिसतो आहे आणि इस्मिनी क्रिऑनसमोर उभी राहून म्हणते, हे मीही केलं, बहिणीची हरकत नसेल तर दोष माझाही. हे खरं नाही, पण मरणाच्या दारात येऊन उच्चारलेलं आहे. अँटिगनी तिला झिडकारते: तू जगणं निवडलंस, मी मरण. इथे दोघींमधला फरक धाडस आणि भित्रेपणा एवढाच राहत नाही. इस्मिनीचं धाडस उशिरा येतं आणि माणसाच्या ओढीने येतं. अँटिगनीचं धाडस इतकं पूर्ण आहे की त्यात दुसऱ्याला शिरायला फट नाही. पुढे मृत्युदंडासाठी गुहेकडे नेली जाताना ती स्वतःला राजघराण्यातली शेवटची उरलेली म्हणते. सख्खी बहीण महालात जिवंत असते, तरीही. नायिकेचा हा कठोरपणा इस्मिनी नसती तर आपल्याला दिसलाच नसता.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. अँटिगनी क्रिऑनच्या मुलाची, हेमनची, वाग्दत्त वधू आहे, हे नाटकात पहिल्यांदा कोण बोलतं? इस्मिनी. अँटिगनी त्याआधी हेमनचं नावही काढत नाही. क्रिऑनचं घर ज्या धाग्याने उसवतं, तो धागा या 'दुय्यम' मुलीने क्रिऑनच्या हाती दिलेला असतो. त्याला तो वेळेवर कळत नाही, हा त्याचा दोष. नंतर कोरसने विचारल्यावर तो तिला सोडून देतो आणि त्यानंतर नाटकात तिच्याबद्दल कोणी एक शब्दही काढत नाही.

खुद्द सोफोक्लिसलाही ही जोडी सोडून देववली नसावी. त्याच्या 'इलेक्ट्रा'त तशाच दोन बहिणी आहेत आणि सांभाळून वागणारी क्रायसोथेमिस तिथे खरी बातमी आणते, की भाऊ ओरेस्टिस आला आहे. तेजस्वी इलेक्ट्रा भावाच्या मृत्यूची खोटी बातमी खरी मानून बसलेली असते आणि बहिणीला वेड्यात काढते. पुढे सोफोक्लिसच्या मृत्यूनंतर, इसवी सनापूर्वी ४०१मध्ये, त्याचं 'कोलोनसमधला ओयदिपौस' रंगभूमीवर आलं. त्यातली इस्मिनी उन्हाची टोपी घालून, घोड्यावर बसून थीब्जहून बापाला शोधत येते. याआधीही तिने चोरून देववाणी त्याच्यापर्यंत पोहोचवलेली असते. देवींचा विधी करायला एकटी जाते आणि क्रिऑनच्या माणसांच्या हाती सापडते. नव्वदीतल्या नाटककाराने त्याच मुलीला दिलेली ही जागा वाचली की वाटतं, त्याच्या मनात ती कधीच भित्री नव्हती.

वाचकांना तिथवर यायला फार काळ लागला. फेब्रुवारी १९४४मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, जाँ अनुईने आपली 'अँटिगनी' सादर केली. त्यातली सुंदर, लाडकी इस्मिनी शेवटी म्हणते की उद्या मी जाईन. ते ऐकून क्रिऑनला कळावं, की हे एकीवर थांबणारं नाही. ब्रेख्तने १९४८च्या आपल्या रूपात एप्रिल १९४५च्या बर्लिनमधल्या दोन बहिणींचा पूर्वप्रवेश जोडला आणि दारात लटकलेल्या भावाचा प्रश्न दोघींवर टाकला. ग्रीसच्या लष्करी राजवटीने हद्दपार केलेला कवी यानिस रित्सोस याने म्हाताऱ्या इस्मिनीला दीर्घ स्वगत दिलं. तुरुंग सोसलेल्या माणसाला वाचलेल्या बहिणीचा आवाज लिहावासा वाटला, याला मी फार मोल देतो.

अलीकडे विचार आणखी पुढे गेला. नाटकात प्रेतावर दोनदा माती पडते. पहिल्या खेपेला ती कोणी टाकली याचा माग पहारेकऱ्याला लागत नाही. ती टाकणारी इस्मिनीच होती, असं बॉनी हॉनिग यांनी २०१३च्या आपल्या पुस्तकात मांडलं. मांडणी चलाख आहे, पण मला पटत नाही. इस्मिनीला मान देण्यासाठी तिला छुपी अँटिगनी करावी लागत असेल, तर आपण अजूनही धाडसाचा एकच नमुना मानतो आहोत. आधी 'नाही' म्हणणारी आणि मग स्वतःहून पुढे येणारी इस्मिनी मला अधिक खरी वाटते. बहुतेक माणसं पहिल्या हाकेला उठत नाहीत. त्यांच्यातली काही दुसऱ्या हाकेला उठतात, हे ग्रीक शोकांतिकेने इतक्या लवकर नोंदवून ठेवलं आहे.

म्हणून 'अँटिगनी' बसवणाऱ्या मराठी दिग्दर्शकांना एक विनंती आहे. इस्मिनीची भूमिका नवख्या मुलीला रडण्यापुरती देऊ नका. अँटिगनीच्या तोडीची नटी घ्या आणि तिच्या दुसऱ्या प्रवेशाची तालीम आधी करा.